सनद दाखवा: अरब लेखिका आणि इस्लामी स्त्रीवाद

प्रश्न असा आला आहे: "नवाल अल् सादावींच्या दोन कादंबऱ्या अनुवादातून वाचल्या. 'इस्लामी स्त्रीवाद' म्हणतात तो हाच का? आणि धर्मग्रंथ मानायचा, वर स्त्रीवादीही म्हणवायचं, हे जमतं कसं? अरब लेखिकांपैकी नेमकं कुणाला वाचावं?"

पहिल्या भागाचं उत्तर एका शब्दात देता येतं: नाही. सादावी (1931–2021) डॉक्टर होत्या आणि त्यांनी धर्म, नवरेशाही, सरकार, भांडवल या सगळ्यांना एकाच पिंजऱ्यात उभं केलं. त्या मोठ्याच आहेत, पण त्यांचा रस्ता वेगळा. आपल्याकडे मुस्लिम स्त्रियांच्या सुधारणेचा विषय निघाला की 18 एप्रिल 1966 ला मुंबईत हमीद दलवाईंनी काढलेला सात स्त्रियांचा मोर्चा आठवतो. कायदा सगळ्यांना सारखा हवा, धर्मग्रंथ काय म्हणतो ते बाजूला ठेवा, अशी ती भूमिका होती. मराठी वाचकाच्या मनात हाच साचा पक्का असल्यामुळे धर्माच्या आत राहून भांडणारी बाई त्याला एक तर भोळी वाटते, नाहीतर लबाड. मी बरीच वर्षं अरबी शिकवते आहे, आणि दर वर्षी वर्गात हा संशय कुणीतरी बोलून दाखवतंच. म्हणून दुसऱ्या भागाचं उत्तर जरा सविस्तर देते.

मोरोक्कोतल्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मेर्निसी (1940–2015) यांच्या 1987 च्या फ्रेंच पुस्तकाची सुरुवात किराणा दुकानात होते. ओळखीच्या दुकानदाराला त्या सहज विचारतात, बाई मुसलमानांची नेता होऊ शकते का? दुकानदाराच्या हातातली अंडी पडता पडता राहतात. ऑलिव्ह घ्यायला आलेलं गिऱ्हाईक देवाचा धावा करतं. दुसरं एक गिऱ्हाईक, पेशाने शाळामास्तर, एक हदीस म्हणून दाखवतं: जे लोक आपला कारभार बाईच्या हाती देतात त्यांचं कधी भलं होत नाही. विषय संपला. मेर्निसी गप्प बसून दुकानातून बाहेर पडतात. हदीसपुढे बोलणार काय?

दुसरी एखादी असती तर "असल्या वचनांना मी मानत नाही" म्हणून मोकळी झाली असती. मेर्निसी ग्रंथालयात गेल्या आणि त्यांनी विचारलं, हे वचन सांगितलं कुणी, कधी, कशासाठी?

इथे थोडा तांत्रिक खुलासा हवा. पैगंबरांचं वचन म्हणजे हदीस. ती खरी धरायची तर तिच्यामागे सांगणाऱ्यांची साखळी लागते: अमुकने तमुककडून ऐकलं, त्याने आणखी कुणाकडून. या साखळीला अरबीत सनद म्हणतात. वतनाची सनद, वकिलीची सनद म्हणताना आपण मराठीत वापरतो तोच हा शब्द. सनदेतल्या प्रत्येक माणसाची चौकशी करायचं एक अख्खं शास्त्र मुसलमान विद्वानांनी पहिल्या काही शतकांत उभं केलं: माणूस खरं बोलायचा का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, कुणाशी त्याचे हितसंबंध होते. मेर्निसींनी हेच जुनं हत्यार हातात घेतलं. बाहेरून काही आणलं नाही.

त्यांना सापडलं ते असं. वचन सांगणारा अबू बक्रा हा पैगंबरांचा सहकारी. इराणच्या गादीवर खुसरोची मुलगी बसल्याची बातमी आली तेव्हा पैगंबर असं म्हणाले, असं तो सांगतो. पण त्याला हे आठवलं कधी? इसवी सन 656 मध्ये, उंटाच्या लढाईच्या वेळी. पैगंबर जाऊन चोवीस वर्षं झाली होती, आणि त्या लढाईत एका बाजूचं नेतृत्व खुद्द त्यांच्या पत्नी आयशा करत होत्या. आयशा हरल्या. बसऱ्यात राहणाऱ्या अबू बक्राला आपण त्यांच्या बाजूने का उतरलो नाही याचं कारण द्यायचं होतं, आणि हे वचन नेमकं त्याच वेळी आठवलं. आणखी खोदल्यावर निघालं की व्यभिचाराचा आरोप सिद्ध करता न आल्याबद्दल खलिफा उमर यांनी याच माणसाला फटके मारवले होते. मग मेर्निसी इमाम मलिक यांचा निकष पुढे करतात: रोजच्या व्यवहारात जो खोटं बोलतो त्याच्याकडून हदीस घेऊ नये.

हा सगळा भाग रहस्यकथेसारखा वाचला जातो. वर्गात तो वाचून दाखवला की मुलं खूश होतात. पण जाणत्या माणसाने इथे थांबू नये. परंपरेतल्या विद्वानांपाशी याला उत्तर आहे, आणि ते फालतू नाही. न्यायालयातली साक्ष आणि हदीसचं कथन या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्या आहेत. अबू बक्राची साक्ष अग्राह्य ठरली तरी त्याचं कथन त्यांनी स्वीकारलं. शिवाय गैरसोयीच्या हदीसचा सांगणारा तपासायचा आणि सोयीची हदीस तशीच उचलायची, हा आक्षेप मेर्निसींवर घेतला गेला, आणि तो माझ्या मते बराचसा खरा आहे.

तरीही पुस्तकाचं मोल कमी होत नाही. ज्या खोलीत बायकांना प्रवेश नव्हता तिथली खुर्ची त्यांनी ओढून घेतली. "बाई, तुमचं चुकतंय" एवढं म्हणण्यासाठी का होईना, समोरच्याला सनद उघडावी लागली. मोरोक्कोत पुस्तकावर बंदी आली, त्याचं कारण हेच असावं असं मला वाटतं. धर्म नाकारणाऱ्या बाईला परकी ठरवता येतं. सनद मागणारीचं काय करायचं?

हे मेर्निसींनी नव्याने शोधलं असंही नाही, आणि त्या स्वतःच तसं दाखवून देतात. पैगंबरांच्या दुसऱ्या एक पत्नी उम्म सलमा यांनी त्यांना विचारलं होतं की कुराणात पुरुषांचा उल्लेख येतो, आमचा का नाही? त्यावर कुराणाच्या तेहतिसाव्या सूरेतली, म्हणजे अध्यायातली, पस्तिसावी आयत (वचन) उतरली असं परंपरा सांगते. श्रद्धावंत पुरुष आणि श्रद्धावंत स्त्रिया, सत्यवादी पुरुष आणि सत्यवादी स्त्रिया, अशी जोड्याजोड्यांनी जाणारी ती आयत अरबीतून ऐकताना तिची लय कानात बसते. आणि आयशा तर दुरुस्त्या करण्यात तरबेज. कुत्रा, गाढव आणि बाई समोरून गेली की नमाज मोडतो, असं वचन कानावर आल्यावर त्या कडाडल्या, तुम्ही आम्हाला कुत्र्या-गाढवांच्या पंक्तीला बसवलंत! पैगंबर नमाज पढायचे तेव्हा मी त्यांच्यासमोर बिछान्यावर आडवी असायची. आयशांनी इतरांच्या कथनात केलेल्या अशा दुरुस्त्यांचा एक स्वतंत्र ग्रंथच झर्कशी या चौदाव्या शतकातल्या विद्वानाने लिहून ठेवला आहे. तो पुरुष होता आणि त्याला कुणी स्त्रीवादी म्हटलेलं नाही.

आधुनिक काळातली सुरुवात मी आयशा तैमूर (1840–1902) यांच्यापासून करते. कैरोतलं खानदानी तुर्की वळणाचं घर. आईला मुलीने भरतकाम शिकावं असं वाटे, वडिलांनी पुस्तकं दिली. 1892 च्या सुमारास त्यांनी एक छोटी पुस्तिका काढली. विषय होता चौथ्या सूरेतली चौतिसावी आयत, पुरुष हे स्त्रियांचे 'कव्वाम' आहेत असं सांगणारी. या शब्दाचा अर्थ पालनकर्ता, सांभाळणारा, वरचढ, असा जो तो आपापल्या सोयीने लावतो. तैमूर यांनी आयतीला हात लावला नाही. फक्त पुढचं वाक्य वाचा म्हटलं: कारण ते आपल्या संपत्तीतून खर्च करतात. मग जो नवरा बायकोच्या पैशावर मजा मारतो, घरात दमडी देत नाही, तो कव्वाम कसला? हक्क कर्तव्याला बांधलेला आहे, कर्तव्य सुटलं की हक्कही सुटला. आज अनेक परिषदांत जे मांडलं जातं त्याचा गाभा या छोट्या पुस्तिकेत आहे.

त्यानंतरच्या मलक हिफनी नासिफ (1886–1918) मला व्यक्तिशः फार जवळच्या वाटतात. शिक्षिका, 'वाळवंटाची शोधक' अशा अर्थाच्या टोपणनावाने लिहिणाऱ्या. लग्न होऊन फय्यूमला गेल्यावर कळलं की नवऱ्याला आधीची बायको आणि मुलगी आहे. त्यांचे सवतीवरचे लेख वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी. त्या ती उघड सांगत नाहीत. 1911 साली इजिप्शियन काँग्रेसकडे त्यांनी दहा मागण्या पाठवल्या, आणि त्यातली एक होती बायकांना मशिदीत प्रवेश, जसा इस्लामच्या सुरुवातीला होता तसा. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात मजारीपर्यंत जायला भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्या उच्च न्यायालयात गेल्या आणि 2016 मध्ये जिंकल्या, तेव्हा मला नासिफ आठवल्या. दर्गा आणि मशीद या वेगळ्या गोष्टी, तिकडचा आणि इकडचा कायदा वेगळा, हे खरं. पण या कार्यकर्त्यांनी राज्यघटनेच्या जोडीला कुराणही हातात धरलं होतं. दलवाईंच्या वाटेला समांतर अशी ही दुसरी वाट महाराष्ट्रात चालू आहे. नासिफ मात्र बुरख्याच्या बाबतीत सावध होत्या. एकदम काढून फेका म्हणणाऱ्या पुरुष सुधारकांवर त्या चिडत: आधी आम्हाला शिकवा, मग आमचं आम्ही ठरवू. एकतिसाव्या वर्षी इन्फ्लुएंझाने गेल्या.

1928 मध्ये बैरूतमध्ये नझीरा झैनुद्दीन या वीस वर्षांच्या मुलीने पडदा आणि बेपर्दगीवर चारशेहून अधिक पानांचा ग्रंथ छापला. वडील न्यायाधीश, त्यामुळे घरात पुस्तकं आणि वादविवाद. तिने काय केलं? पडद्याविषयीच्या आयतींवरची मान्यवर भाष्यं समोरासमोर मांडली आणि दाखवलं की त्यांचं एकमेकांशी पटत नाही. तुमच्यात एकमत नाही, मग मी माझी अक्कल का वापरू नये? गदारोळ झाला. हे पोरीचं लिखाण नव्हे, कुणा पुरुषांनी किंवा मिशनऱ्यांनी लिहून दिलं असणार, अशी कुजबुज सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिने टीकाकारांना उत्तर देणारं दुसरं पुस्तक काढलं. त्याचं नावच 'मुलगी आणि शेख'.

इजिप्तच्या आयशा अब्दुर्रहमान, म्हणजे 'बिंत अश्-शाती', यांनी 1960 च्या दशकात कुराणाच्या छोट्या सूरांवर दोन खंडांत भाष्य लिहिलं. स्त्रीवादी म्हणून नव्हे, भाषेच्या अभ्यासक म्हणून. पण बाईने तफसीर लिहावी आणि ती विद्यापीठांत शिकवली जावी, हेच पुरेसं होतं.

आता कथा-कादंबरी. माझा कल इकडेच आहे, हे आधीच सांगून टाकते. वैचारिक ग्रंथात वाद जिंकायचा असतो, त्यामुळे लेखिका वकिलासारखी बोलू लागते. गोष्टीत तसं चालत नाही.

आलिफा रिफअत (1930–1996) हे टोपणनाव. विद्यापीठाचं शिक्षण नाही, इंग्रजी येत नाही, आणि पोलीस अधिकारी असलेल्या नवऱ्याने लिहायला बंदी घातलेली, म्हणून अनेक वर्षं लेखन चोरून किंवा बंदच. 1983 मध्ये त्यांच्या कथांचा इंग्रजी अनुवाद आला त्यातली पहिलीच कथा, दूरवरच्या मिनाराची. दुपारची वेळ, कैरोतला फ्लॅट, नवरा-बायको बिछान्यात. नवऱ्याचं लक्ष फक्त स्वतःकडे. बायको छताकडे बघते, कोळिष्टक दिसतं, ते काढायला हवं असं मनात येतं. लग्नाच्या सुरुवातीला तिने आपल्याला काय हवं ते सांगून पाहिलं होतं, त्याने झिडकारलं. आता तिने नाद सोडला आहे. असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, अजान होते, ती उठते, अंघोळ करते, नमाज पढते. दिवसाचे पाच नमाज हेच तिच्या दिवसाचे खांब. पूर्वी त्या घरातून अख्खं कैरो दिसायचं. इमारती उठत गेल्या आणि आता दोन उंच भिंतींमधून एकच मिनार दिसतो. ती नवऱ्यासाठी कॉफी घेऊन जाते. तो गेलेला असतो. ती मुलाला डॉक्टरकडे पाठवते, बाहेरच्या खोलीत येते, आणि ती कॉफी स्वतःसाठी ओतते. आपण इतक्या शांत कशा, याचं तिला नवल वाटतं.

यात घोषणा एकही नाही. बाई कुराण उद्धृत करत नाही, नवऱ्याशी भांडत नाही. मग हा इस्लामी स्त्रीवाद कसा? बायकोचं शारीरिक समाधान हा तिचा हक्क आहे, असं फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मकायद्याच्या, पुस्तकांत आणि अकराव्या शतकातल्या इमाम गझालींपाशीही सापडतं. रिफअतचा अरब वाचक हे जाणतो. त्यामुळे नवरा इथे फक्त आपमतलबी ठरत नाही, धर्माच्या कसोटीवर नापास ठरतो, आणि तेही त्याच घरात जिथे नमाज फक्त बायको मनापासून पढते. धर्म जणू तिच्याकडे राहायला आला आहे. पण त्याच वेळी तो मिनार इतका लांब आणि इतका एकटा का, हा प्रश्न लेखिका तसाच सोडते. नमाज तिला बळ देतो की सहन करायची सवय लावतो? वर्गात यावर दर वर्षी दोन तट पडतात. मी इतक्या वेळा शिकवूनही माझं एक मत ठरलेलं नाही.

अल्जेरियाच्या आसिया जेबार (1936–2015) यांची 1991 ची कादंबरी मदिनेपासून दूर जाणाऱ्या स्त्रियांविषयी आहे. अल्जेरियात 1984 चा कुटुंबकायदा आलेला, 1988 च्या दंगली होऊन गेलेल्या, धर्माच्या नावाने मतं मागणारा पक्ष रस्त्यावर. जेबार तबरी, इब्न हिशाम, इब्न साद यांच्या बखरी उघडून बसल्या. बखरकार ज्या बाईला एक ओळ देऊन पुढे जातो तिच्यापाशी त्या थांबतात. मधूनमधून त्या 'राविया', म्हणजे कथन करणारी बाई, उभ्या करतात. सनदेच्या साखळीत बाईची कडी बसवतात.

मध्यभागी आहे फातिमा, पैगंबरांची कन्या. वडील गेल्यावर ती वारसा मागते. पहिले खलिफा अबू बकर सांगतात की पैगंबर मागे वारसा ठेवत नाहीत. ती नकार मान्य करत नाही. हा प्रसंग शिया-सुन्नी वादात हजार वर्षं घोळला आहे. जेबार तो तिथून उचलून मुलीच्या वारशाचा प्रश्न म्हणून वाचतात. शेजारीच दुसरा नकार ठेवतात: तिचे पती अली दुसरं लग्न करू पाहत होते तेव्हा पैगंबर मशिदीत उभे राहून म्हणाले होते की माझ्या मुलीला जे दुखवतं ते मला दुखवतं. चार बायकांची परवानगी सांगणाऱ्यांना ही हदीसही ठाऊक असते, फक्त ती ते शुक्रवारच्या प्रवचनात सांगत नाहीत.

वारशाचा विषय निघालाच तर सांगते, इथे हा सगळा मार्ग अडतो. हदीसची सनद तपासता येते. पण मुलाला दोन हिस्से आणि मुलीला एक, हे थेट कुराणात आहे, चौथ्या सूरेत. तिथे अबू बक्रा कुणी नाही. मग म्हणावं लागतं की तो हिशेब त्या काळच्या व्यवस्थेचा होता, खर्चाची जबाबदारी पुरुषावर होती, आता ती नाही. हा युक्तिवाद तैमूर यांच्या पठडीतलाच, पण मौलवी इथे जागचा हलत नाही. मोरोक्कोने 2004 मध्ये कुटुंबकायदा बदलला: लग्नाचं वय अठरा, घराची जबाबदारी दोघांची, सज्ञान मुलीला लग्नासाठी पुरुष पालकाची सक्ती नाही. हे बदल शरियतच्या भाषेत मांडले म्हणून पचले. वारसा मात्र जसाच्या तसा. त्याच देशातल्या आस्मा लम्राबेत या डॉक्टर-लेखिकेला वारशातल्या समानतेची बाजू घेतल्यावर 2018 मध्ये उलेमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, संस्थेतलं पद सोडावं लागलं.

आणखी एक अडचणीचं नाव घ्यायलाच हवं. इजिप्तच्या झैनब अल् गझाली (1917–2005) तरुणपणी तिथल्या स्त्रीवादी नेत्या हुदा शारावींच्या स्त्रीसंघात होत्या, तो सोडून 1936 मध्ये त्यांनी मुस्लिम स्त्रियांची स्वतंत्र संघटना काढली. राष्ट्राध्यक्ष नासिरच्या तुरुंगात 1965 पासून सहा वर्षं छळ सोसला आणि त्यावर आठवणी लिहिल्या. बायकांना उपदेश काय, तर घर आणि नवरा आधी. स्वतः मात्र लग्नाआधीच अट घातलेली की माझ्या कार्याच्या आड आलात तर वेगळं व्हायचं. यांना इस्लामी स्त्रीवादी म्हणायचं? त्यांनी स्वतः हा शब्द झटकला असता. अभ्यासकांनी तरी चिकटवला. हा शब्द 1990 च्या दशकात रूढ झाला, बराचसा विद्यापीठांतून. माझ्या मते लेबल लेखिकेवर लावण्यापेक्षा युक्तिवादावर लावावं. एकाच बाईच्या एका पानावर तो सापडेल, पुढच्या पानावर नसेल.

भाषेचाही एक पेच आहे. अरबी ग्रंथांशी इतकं बारीक भांडणाऱ्या मेर्निसी आणि जेबार फ्रेंचमध्ये लिहितात. इजिप्तच्या लैला अहमद आणि सुदानच्या लैला अबुलेला इंग्रजीत. ज्या मौलवीशी वाद आहे तो ही पुस्तकं मुळातून वाचत नाही. त्यामुळे पॅरिस-लंडनमध्ये टाळ्या आणि कैरोत शुकशुकाट, असंही घडतं. तैमूर, नासिफ, नझीरा, रिफअत यांनी अरबीत लिहिलं, आणि म्हणून त्यांना मार जवळून बसला.

आता कुणाला वाचावं. रिफअतच्या त्या चार-पाच पानांच्या कथेपासून सुरुवात करा, आणि सोबत कुणाचीही टीका वाचू नका. मग मेर्निसींचं हदीसवरचं पुस्तक. ते जड गेलं तर त्यांचंच विस्मृतीत गेलेल्या राण्यांवरचं घ्या. 1988 मध्ये पाकिस्तानात बेनझीर भुट्टो निवडून आल्यावर 'इस्लामात असं कधी झालंच नाही' असा जो ओरडा झाला, त्याला उत्तर म्हणून ते लिहिलं गेलं. नाणं कुणाच्या नावाने पडलं आणि शुक्रवारचा खुतबा (मशिदीतलं प्रवचन) कुणाच्या नावाने वाचला गेला, या दोन खुणांवरून त्या राण्या शोधतात, आणि त्यात दिल्लीची रझियाही आहे. आपल्या शाळेत रझिया एका परिच्छेदात येऊन जाते. इथे ती येमेनच्या अरवा आणि इजिप्तच्या शजरुद्दुर यांच्या शेजारी बसलेली दिसेल. जेबार शेवटी घ्या. इस्लामच्या सुरुवातीच्या पंचवीस वर्षांची माणसं आणि नाती डोक्यात नसतील तर ती कादंबरी हातातून निसटते. एका कागदावर वंशावळ काढून पुस्तकात ठेवली तर बरं. मी अजूनही ठेवते.